एकच सापळा, दोन शिकारी
खंडोबाचा किडा आणि पाणढेकूण यांची एक तुलना

शिकारी प्राणी म्हटले की वाघ, गरुड किंवा मगर आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. पण शिकारीची कला पाहण्यासाठी अभयारण्यातच जायला हवे असे नाही. बागेतल्या जास्वंदीच्या फांदीवर किंवा गावाबाहेरच्या तळ्यातील पाणवनस्पतींच्या आड ती रोज चाललेली असते. फांदीवरचा शिकारी म्हणजे खंडोबाचा किडा आणि तळ्यातला शिकारी म्हणजे पाणढेकूण. एक हवेत वावरणारा, तर दुसरा पाण्यात. दोघांची घराणी वेगळी, खाण्याची रीत वेगळी आणि संसाराची तऱ्हा तर अगदीच उलट. तरीही दोघांचे पुढचे पाय शेजारी ठेवून पाहिले, तर ते एकाच लोहाराने घडवले असावेत असा भास होतो. हे साम्य कसे आले, आणि साम्य असूनही हे दोन कीटक इतके वेगळे का, याचे उत्तर ते जिथे राहतात त्या जागेत दडलेले आहे.

दोघांची ओळख

खंडोबाचा किडा आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेला असतो. पावसाळा सरत आला की पूर्ण वाढलेले किडे झुडपांवर, कुंपणांवर, क्वचित घराच्या भिंतीवरही दिसतात. लांब मान, त्रिकोणी डोके, टपोरे डोळे आणि छातीशी जोडून धरलेले पुढचे पाय ही त्याची खूण. या बसण्याच्या ढबीमुळे त्याला प्रार्थना कीटक असेही म्हणतात. इंग्रजीतील ‘प्रेइंग मँटिस’ हे नावही त्यावरूनच पडले. ‘मँटिस’ हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ भविष्य सांगणारा असा आहे. जगात या गणाच्या सुमारे २,४०० जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी दीडशेहून अधिक भारतात आढळतात. हिरव्या पानासारखे, वाळक्या काटकीसारखे, झाडाच्या सालीसारखे, इतकेच नव्हे तर फुलांच्या पाकळ्यांसारखे दिसणारे किडेही त्यांत आहेत. दिसायला हा किडा नाकतोड्याच्या जवळचा वाटतो. वस्तुतः त्याचे सख्खे नातेवाईक म्हणजे झुरळे आणि वाळवी.

पाणढेकूण त्या मानाने अपरिचित. ‘जायंट वॉटर बग’ या इंग्रजी नावाने ओळखले जाणारे हे कीटक ढेकणाच्याच म्हणजे अर्धपंखी गणात मोडतात. म्हणून येथे त्यांना पाणढेकूण म्हटले आहे. त्यांच्या कुलात सुमारे दीडशे जाती आहेत. शरीर चपटे व लांबट अंड्याच्या आकाराचे, रंग चिखलासारखा तपकिरी. भारतासह दक्षिण व आग्नेय आशियात आढळणारा लेथोसेरस इंडिकस हा कीटक सहा ते आठ सेंटिमीटर लांब असतो. दक्षिण अमेरिकेतील त्याचा एक भाऊबंद तर अकरा सेंटिमीटरांच्याही पुढे जातो. ढेकूण, पिठ्या ढेकूण, मावा, तुडतुडे अशा असंख्य सभासदांच्या या गणात इतका मोठा कीटक दुसरा नाही. आपल्याकडच्या तळ्यांत आणि भातखाचरांत अधिक संख्येने दिसतात ते मात्र डिप्लोनिकस वंशातील लहान पाणढेकूण. त्यांची लांबी दीड-दोन सेंटिमीटरच भरते.

दोन्ही कीटकांची वाढ मात्र एकाच पद्धतीने होते. फुलपाखराप्रमाणे त्यांना अळी आणि कोष या अवस्था नसतात. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू आईबापांचीच बिनपंखी लहान प्रतिकृती असते. वारंवार कात टाकत ते मोठे होते आणि जन्मल्यापासूनच शिकार करते.

अडकित्त्यासारखा पाय

आता या दोघांच्या शस्त्राकडे वळू. खंडोबाच्या किड्याच्या पुढच्या पायात मांडी आणि नडगी असे दोन लांब भाग असतात. दोन्हींच्या आतल्या कडेवर धारदार काट्यांच्या रांगा असतात. एरवी नडगी मांडीवर मिटलेली असते. भक्ष्य टप्प्यात आले की पाय झटकन पुढे फेकला जातो, नडगी उघडते आणि अडकित्त्यात सुपारी सापडावी तसे भक्ष्य दोन्ही भागांमध्ये पकडले जाते. ही सारी क्रिया साधारणपणे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास आटोपते. माशीला उडण्याचा विचार करायलाही वेळ मिळत नाही.

पाणढेकणाचा पुढचा पायही असाच मिटतो. मात्र तो लांब व सडपातळ नसून आखूड आणि जाडजूड असतो. मांडी स्नायूंनी फुगलेली असते, नडगी तिच्यावर घट्ट बसते आणि टोकाला मजबूत नखी असते. कीटकाच्या मानाने मोठा असलेला बेडूकसुद्धा या मिठीतून सहजासहजी सुटत नाही.

दोघांचा हा पाय पाहून त्यांचा पूर्वज एकच असावा आणि हे शस्त्र त्याच्याकडूनच वारशाने आले असावे, असे कुणालाही वाटेल. तसे नाही. या दोन घराण्यांच्या वाटा तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर पृथ्वीवर येण्याच्याही फार आधी वेगळ्या झाल्या. तेव्हाच्या त्यांच्या पूर्वजांना असा पाय नव्हता. दोन्ही घराण्यांनी तो स्वतंत्रपणे मिळवला. दबा धरून बसणे आणि जवळ आलेले भक्ष्य निसटू न देता एका झटक्यात धरणे, हा दोघांपुढचा प्रश्न एकच होता. त्याचे उत्तरही सारखेच निघाले. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. शार्क हा मासा आणि डॉल्फिन हा सस्तन प्राणी असूनही दोघांचे शरीर सारख्याच आकाराचे झाले, तेही याच कारणाने. मिटणाऱ्या पायाचे उत्तर तर आणखीही काहींना सापडले आहे. मँटिस्पिड नावाच्या जाळीदार पंखांच्या कीटकांना आणि पाणढेकणाचा नातलग असलेल्या पाणविंचवालाही असेच पुढचे पाय असतात.

मात्र दोघांच्या पायांतला फरकही तितकाच बोलका आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असते. हवेत लांब, हलका हात वेगाने फेकता येतो. पाण्यात तसा हात फेकला तर मोठा अडथळा होतो, शिवाय पुढे ढकलल्या गेलेल्या पाण्याची चाहूल भक्ष्याला आधीच लागण्याचा धोका असतो. त्यामुळे हवेतल्या शिकाऱ्याला लांब पल्ला परवडतो, तर पाण्यातल्या शिकाऱ्याला भक्ष्य अगदी जवळ येऊ द्यावे लागते आणि मग बळावर भर द्यावा लागतो. पाणढेकणाच्या मधल्या व मागच्या पायांनी वेगळेच काम पत्करले आहे. ते चपटे असून त्यांना केसांची झालर असते. त्यांचा उपयोग वल्ह्यांसारखा होतो.

डोळ्यांनी मोजलेले अंतर

हवेतल्या शिकारीचा सारा डोलारा नजरेवर उभा आहे. खंडोबाच्या किड्याला दोन मोठे संयुक्त नेत्र आणि त्यांच्यामध्ये तीन साधे नेत्र असतात. मान इतकी लवचिक असते की अंग न हलवता तो डोके वळवून आपल्याकडे रोखून पाहतो. त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका आपला पाठलाग करतो असे वाटते, पण ती खरी बाहुली नव्हे. आपल्या दिशेला तोंड असलेल्या नेत्रिका आपल्याकडचा प्रकाश शोषून घेतात, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो.

दोन डोळ्यांना दिसणाऱ्या किंचित वेगळ्या प्रतिमांवरून अंतर ओळखण्याची क्षमता माणसात, माकडांत, मांजरांत आणि घुबडांत आहे. कीटकांमध्ये ती सिद्ध झाली आहे ती खंडोबाच्या किड्यातच. सॅम्युएल रॉसेल या शास्त्रज्ञाने १९८३ साली या किड्याच्या डोळ्यांपुढे लोलक बसवून ते दाखवून दिले. लोलकामुळे भक्ष्य प्रत्यक्षाहून जवळ भासू लागले, की किडा त्या फसव्या अंतरावरच झडप घालत असे. पुढे ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड, विवेक नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधमाशीच्या मेणाने या किड्यांच्या डोळ्यांवर चिमुकले चश्मे चिकटवले आणि त्यांना त्रिमिती चित्रपट दाखवला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात किडे पडद्यावरच्या आभासी भक्ष्याला पकडायला गेले. याच गटाने २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट उघड केली. माणूस दोन्ही डोळ्यांतील स्थिर चित्रांचे तपशील जुळवून अंतर ओळखतो; हा किडा मात्र चित्रात बदल कुठे होतो आहे तेवढेच जुळवतो. हलणारी वस्तू किती दूर आहे, इतकेच त्याला हवे असते. त्याच्या मेंदूच्या आकाराचा विचार केला तर ही काटकसर विलक्षणच म्हणावी लागेल.

झडपेचा वेगही तो परिस्थितीनुसार बदलतो. भक्ष्य वेगाने येत असेल तर झडप जलद असते. ते संथ असेल तर पाय उचलून तो क्षणभर थांबतो, असे ससेक्स विद्यापीठातील संशोधकांना २०२० मध्ये आढळले. म्हणजे ही झडप निव्वळ यांत्रिक प्रतिक्रिया नव्हे.

या किड्याला कानही आहे, पण एकच. डेव्हिड येगर आणि रोनाल्ड हॉय यांनी १९८६ साली तो शोधला तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले, कारण तो डोक्यावर नसून छातीच्या खालच्या बाजूस, पायांच्या मध्ये एका खाचेत असतो. एकाच कानामुळे आवाज कोणत्या दिशेने आला हे कळत नाही, पण त्याची फारशी गरजही नसते. रात्री उडताना वटवाघळाचा श्राव्यातीत आवाज कानी पडला की किडा गिरकी घेऊन थेट खाली झेपावतो. हवेत शिकार करणाऱ्यालाही हवेतल्याच दुसऱ्या शिकाऱ्याचे भय असते, त्याची ही तजवीज.

गढूळ पाण्यात नजरेचा पल्ला कमी पडतो. तिथे पाणढेकूण डोळ्यांबरोबर पाण्याच्या हालचालींवरही विसंबतो. पाणवनस्पतीच्या देठाला धरून, डोके खाली आणि शेपटीकडचे टोक वर अशा स्थितीत तो तासन् तास निश्चल राहतो. पाण्यात पडलेले वाळके पान आणि तो यांत फरक करणे कठीण. मासोळी किंवा बेडकाचे पिल्लू जवळून गेले की पुढचे पाय मिटतात.

पोहण्याचा श्वास

पाण्यात राहणाऱ्या या कीटकाला माशासारखे कल्ले नसतात. त्याचे पूर्वज जमिनीवरचे होते आणि नंतर पाण्यात उतरले. त्यामुळे श्वास घ्यायला हवा लागतेच. खंडोबाच्या किड्याच्या शरीराच्या कडेने श्वासरंध्रे असतात आणि त्यांतून हवा आपसूक आत येते. पाणढेकणाने या जुन्या रचनेला एक जोड दिली आहे. त्याच्या पोटाच्या टोकाला आत-बाहेर सरकणारे दोन आखूड पट्टे असतात. ते पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून तो हवा घेतो आणि पंखांखाली साठवतो. तो डोके खाली करून बसतो त्याचे कारण हेच. शस्त्र पाण्यात आणि श्वास हवेत. पाणविंचवाच्या मागे दिसणारी लांब ‘शेपटी’ हीसुद्धा नांगी नसून श्वास घेण्याची नळीच असते.

या व्यवस्थेला एक मर्यादाही आहे. खोल, मोकळ्या पाण्यापेक्षा उथळ, वनस्पतींनी भरलेला काठच पाणढेकणाला मानवतो. तळ्याचे काठ बांधून काढले, गवत उपटले, की पाणी शिल्लक राहूनही त्याचे घर नाहीसे होते.

चावणारा आणि शोषणारा

भक्ष्य हाती लागल्यावर दोघांच्या रीती पूर्ण वेगळ्या होतात. खंडोबाच्या किड्याला चावणारे जबडे आहेत. तो भक्ष्याला मारण्याची वाट न पाहता जिवंतपणीच खायला सुरुवात करतो, आणि फुलपाखराचे पंख किंवा नाकतोड्याचे पाय टाकून देतो. त्याच्याजवळ कोणतेही विष नाही.

पाणढेकूण ढेकणाच्या गणातला. त्याला जबडे नसतात, टोकदार सोंड असते. ती भक्ष्याच्या अंगात खुपसून तो लाळ सोडतो. या लाळेने भक्ष्य लुळे पडते आणि त्याचे मांस आतल्या आत विरघळू लागते. मग तो पातळ रस शोषून घेतो. पचनाचा मोठा भाग अशा रीतीने शरीराबाहेरच उरकला जातो. यामुळे स्वतःपेक्षा मोठे भक्ष्यही त्याला चालते, कारण ते तोंडात मावण्याचा प्रश्नच नसतो. मासे, बेडूक, गोगलगायी हा त्याचा नेहमीचा आहार. जपानमधील मोठ्या पाणढेकणाने लहान साप आणि कासवाचे पिल्लू मारून खाल्ल्याच्या नोंदीही संशोधकांनी केल्या आहेत.

माणसाच्या दृष्टीने पाहायचे तर खंडोबाचा किडा निरुपद्रवी आहे. हाताळला तर फार तर काट्यांनी ओरखडा काढील. पाणढेकूण मात्र पकडला किंवा पायाखाली आला तर कडकडून दंश करतो. दंशाच्या वेदना तीव्र असतात, पण तो जिवावर बेतणारा नसतो. हा कीटक स्वतःहून माणसाच्या वाटेला जात नाही.

बापाच्या दोन कथा

या तुलनेतला सर्वांत मोठा विरोध दिसतो तो नराच्या वाट्याला आलेल्या भूमिकेत. खंडोबाच्या किड्याची मादी मीलनाच्या वेळी नराला खाते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ती खरी आहे, पण नेहमीची नाही. मादीचे पोट भरलेले असेल आणि जोडीला मोकळी जागा असेल तर नर बहुधा सुखरूप निसटतो. मादी उपाशी असेल तर धोका वाढतो. नराचे डोके खाल्ले गेले तरी शरीरातील मज्जागंडांच्या बळावर मीलन चालू राहू शकते. चिनी खंडोबाच्या किड्यावर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नराच्या शरीरातील अन्नद्रव्ये मादीच्या अंड्यांत पोहोचत असल्याचे आणि नराला खाणाऱ्या माद्या अधिक अंडी घालत असल्याचे दिसले. बापाने संततीसाठी दिलेले हे शेवटचे योगदानच म्हणायचे. पुढे मादी फेसाळ द्रवात अंडी घालते. तो फेस वाळून टणक वेष्टन तयार होते आणि अंड्यांना ऊन, थंडी व पाऊस यांपासून आडोसा मिळतो. काही मोजक्या जाती सोडल्या तर आईदेखील अंड्यांजवळ थांबत नाही. तरीही हा बंदोबस्त पुरेसा नसतो. काही सूक्ष्म गांधीलमाश्या लांब अंडनलिका वेष्टनात खुपसून आपली अंडी घालतात.

लहान पाणढेकणांत मादी आपली अंडी चक्क नराच्या पाठीवर चिकटवते. अंड्यांच्या ओझ्यामुळे नराला उडता येत नाही आणि शिकारही बेताचीच करता येते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत तो अंडी पाण्याच्या वर काढतो, अंग खालीवर हलवून त्यांच्यावरून ताजे पाणी फिरवतो. पूर्वीच्या निसर्ग-अभ्यासकांना पाठीवर अंडी घेतलेला कीटक मादीच वाटत असे. तो नर असल्याचे अमेरिकेतील फ्लॉरेन्स वेल्स स्लेटर यांनी १८९९ साली दाखवले. अंडी आपलीच आहेत याची खात्री नर कशी करतो, हा पुढचा प्रश्न ॲरिझोनातील रॉबर्ट स्मिथ यांनी सोडवला. मादीने थोडी अंडी घातली की नर तिला थांबवतो, पुन्हा मीलन करतो आणि मगच पुढची अंडी घालू देतो, असे त्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सिद्ध झाले.

मोठ्या लेथोसेरस जातींत मादी पाण्याबाहेर आलेल्या देठावर अंडी घालते. नर पाण्यातून वर चढून ती वारंवार ओली करतो आणि राखण करतो. असे न केल्यास अंडी सुकून मरतात. जपानमधील जातीत तर दुसरी मादी येऊन आधीची अंडी फोडते आणि मोकळ्या झालेल्या नराला आपल्या अंड्यांची राखण करायला लावते.

पाण्यातल्या बापाला इतके कष्ट का पडावेत? मोठा कीटक जन्माला यायचा तर अंडेही मोठे हवे, आणि मोठ्या अंड्याला प्राणवायू अधिक लागतो. साचलेल्या पाण्यात तो पुरेसा मिळत नाही. पूर्ण हवेत ठेवले तर अंडे सुकते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर अंडे सांभाळायला कुणीतरी हजर राहणे भाग आहे. हवेतल्या अंड्याला वाळलेला फेस पुरतो. पाण्यातल्या अंड्याला राखणदार लागतो. नराच्या वागण्यातला हा फरक स्वभावाचा नाही, तर वसतिस्थानाचा आहे.

सीमा ओलांडताना

हवा आणि पाणी या दोन राज्यांमध्ये अभेद्य भिंत नाही. कर्नाटकातील एका घराच्या गच्चीवर केलेल्या बागेत याचा अनपेक्षित पुरावा मिळाला. हायरोड्यूला वंशातील खंडोबाचा एक नर किडा तिथल्या लहानशा कुंडातील पाणवनस्पतींच्या पानांवर सलग पाच दिवस येत राहिला आणि त्याने एकूण नऊ गप्पी मासे पकडून खाल्ले. हे निरीक्षण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मासे पकडायचे तर पाण्याच्या पृष्ठभागावर वाकणाऱ्या प्रकाशाचा हिशेब करावा लागतो, आणि तेही अंधारून येताना. हवेसाठी घडलेली नजर तेथेही कमी पडली नाही.

पाणढेकूणही पाण्यात कायमचा बांधलेला नसतो. त्याला पंख असतात आणि तळे आटू लागले की रात्री उडत तो दुसरे पाणी शोधतो. या प्रवासात विजेचे दिवे त्याची दिशाभूल करतात. पावसाळ्याच्या आगेमागे रस्त्यावरील दिव्यांखाली किंवा पेट्रोल पंपाच्या उजेडात उताणे पडलेले मोठे तपकिरी कीटक दिसतात, ते अनेकदा हेच. पाण्यात चपळ असलेला हा शिकारी डांबरी रस्त्यावर असहाय होतो.

तुलना एका दृष्टिक्षेपात

वसतिस्थान : खंडोबाचा किडा – झुडपे, गवत, झाडे. पाणढेकूण – तळी, डबकी, भातखाचरे.
जवळचे नातेवाईक : खंडोबाचा किडा – झुरळ, वाळवी. पाणढेकूण – पाणविंचू, ढेकूण.
शिकारीचा आधार : खंडोबाचा किडा – त्रिमिती दृष्टी. पाणढेकूण – दृष्टी व पाण्याची हालचाल.
पुढचे पाय : खंडोबाचा किडा – लांब, काटेरी, वेगवान. पाणढेकूण – आखूड, जाड, बळकट.
तोंड : खंडोबाचा किडा – चावणारे जबडे. पाणढेकूण – लाळ सोडणारी सोंड.
अंड्यांचे रक्षण : खंडोबाचा किडा – फेसाचे टणक वेष्टन. पाणढेकूण – नराची देखरेख.

माणसाच्या हिशेबात

हे दोन कीटक माणसाच्या उपयोगाचे आहेत काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. खंडोबाच्या किड्याला शेतकऱ्याचा मित्र म्हणण्याचा प्रघात आहे. तो पिकावरचे नाकतोडे, अळ्या व माश्या खातो हे खरे. पण तो निवड करत नाही. मधमाशी, फुलपाखरू किंवा दुसरा खंडोबाचा किडा यांतले जे समोर येईल ते खातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तर त्याने लहान पक्षी पकडल्याच्या तेरा देशांतील १४७ घटना गोळा केल्या आहेत. त्यामुळे एखाद्या विशिष्ट किडीवर उपाय म्हणून तो सोडून फारसे साधत नाही. त्याचे मोल वेगळे आहे. ज्या बागेत अनेक प्रकारचे कीटक नांदतात आणि फवारणी बेताची असते, तिथेच तो टिकतो. म्हणून त्याचे दर्शन हे बागेच्या आरोग्याचे लक्षण मानता येईल.

पाणढेकणाची बाब आपल्या शहरांना अधिक जवळची आहे. डिप्लोनिकससारखे लहान पाणढेकूण आणि त्यांची पिल्ले डासांच्या अळ्या मोठ्या संख्येने खातात. जुन्या टायरांत साचलेल्या पाण्यात ते सोडून डेंग्यूच्या डासाला आळा घालता येतो का, हे भारतीय संशोधकांनी तपासले आहे. डास-निर्मूलनासाठी आपण बहुधा गप्पी किंवा गंबुसिया मासे सोडतो. त्यांपैकी गंबुसिया जगातील शंभर अतिउपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे, कारण तो स्थानिक मासे आणि बेडकांच्या पिल्लांनाही उठवतो. आपल्या तळ्यांत हे काम करणारे मूळचे रहिवासी आधीपासून आहेत, याचा विसर पडतो. अर्थात, घरातील पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या बशा यांतील पाणी काढून टाकण्याला पर्याय नाही. डेंग्यूचा डास नेमक्या अशाच छोट्या साठ्यांत वाढतो, कारण तिथे त्याचे शत्रू सहसा पोहोचत नाहीत. उलट ज्या तळ्यात पाणढेकूण, चतुराची पिल्ले आणि पाणभुंगे नांदतात, तिथे डासांच्या अळ्यांना वाढणे अवघड होते.

काही प्रदेशांत पाणढेकणाचे माणसाशी असलेले नाते थेट ताटातले आहे. मणिपूरमध्ये लेथोसेरस आवडीने खाल्ला जातो. थायलंडमध्ये ‘मेंगदा’ नावाने तो बाजारात विकला जातो आणि त्याच्या नराच्या विशिष्ट सुगंधामुळे मिरचीच्या चटणीत वापरतात. जपानमध्ये मात्र एके काळी भातशेतीत सर्रास आढळणारा मोठा पाणढेकूण कीटकनाशके, पाणथळ जागांचा नाश आणि कृत्रिम उजेड यांमुळे दुर्मीळ झाला. अखेर २०२० पासून तेथे विक्रीसाठी तो पकडण्यावर आणि त्याच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली.

जपानमधील अनुभव आपल्यालाही विचार करायला लावणारा आहे. मुंबईतील धोबी तलाव आणि गोवालिया टँक ही आज केवळ ठिकाणांची नावे उरली आहेत. त्या नावांमागचे पाणी केव्हाच बुजवले गेले. जी तळी वाचली, त्यांतील अनेकांचे काठ सुशोभीकरणाच्या नावाखाली दगड-सिमेंटने बांधले गेले आणि त्यांच्याभोवती प्रखर दिवे लागले. माणसाच्या नजरेला असे तळे देखणे वाटते. पाणढेकणाला मात्र तेथे धरायला देठ नाही, अंडी घालायला जागा नाही आणि रात्री उडाल्यास परतीचा मार्ग नाही. खंडोबाच्या किड्याचे तुलनेने बरे चालते. चार कुंड्यांची बाग किंवा सोसायटीचे कुंपणही त्याला पुरते, फक्त तिथे दर आठवड्याला औषध मारले जाऊ नये.

दोन घराण्यांनी कोट्यवधी वर्षांत स्वतंत्रपणे तोच सापळा घडवला, पण तो चालवण्यासाठी लागणारे बाकी सारे, म्हणजे नजर, श्वास, तोंड आणि संसार, ज्या त्या जागेने ठरवले. म्हणूनच शिकारी कीटक वाचवायचा म्हणजे त्याची जागा वाचवायची. पुढच्या वेळी भिंतीवर खंडोबाचा किडा दिसला, तर केरसुणी उचलण्याऐवजी एखाद्या कागदावर घेऊन त्याला झाडावर सोडावे. आणि दिव्याखाली उताणा पडलेला पाणढेकूण आढळला, तर हात न लावता सुपलीत घेऊन जवळच्या पाण्यापाशी पोहोचवावा. त्याहून मोठे काम म्हणजे आपल्या भागातील तळ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा मांडला जाईल तेव्हा काठाचा एक भाग तरी मातीचा, गवताचा आणि अंधाराचा राहू द्यावा, असा आग्रह धरणे.